फुलांविना गेलेले दोन वसंत: बहुवर्षायू युफोर्बियाच्या एका वाफ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका घरामागील उतरत्या वाफ्याचे आहे. सल्ल्यासाठी मला बोलावले तेव्हा त्या वाफ्याला चौथे वर्ष लागत होते, आणि पुढची तीन वर्षे मी तो अधूनमधून पाहत राहिलो. त्यामुळे पहिल्या तीन वर्षांचा वृत्तांत मालकीणबाईंच्या बागेच्या वहीतून आणि मदतीला येणाऱ्या माळीकाकांच्या आठवणीतून घेतलेला आहे, तर नंतरचा माझ्या स्वतःच्या नोंदींतला आहे. बाग आणि माणसे ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. हवामानाविषयी मात्र एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे: तेथे हिवाळ्यात बऱ्याच रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि पाऊसही त्याच काळात अधिक पडतो. थंडी आणि ओल एकाच वेळी येणे हा या प्रकरणातला एक मुख्य धागा आहे.

वाफा सुमारे ९ मीटर लांब आणि २ मीटर रुंद. वरचे टोक खडीच्या पायवाटेला लागून असलेले, उन्हाचे आणि कोरडे. खालचे टोक भिंतीशी टेकलेले, जिथे उतारावरचे पाणी येऊन थांबते. लागवड पहिल्या वर्षी वसंतात झाली. मागच्या रांगेत युफोर्बिया कॅरासियास या जातीच्या वुल्फेनी उपजातीची पाच रोपे वरपासून खालपर्यंत लावली गेली, आणि पुढच्या रांगेत युफोर्बिया पॉलिक्रोमाची सात. दोन्हींच्या कुंड्यांवरील पट्ट्यांवर ठळक अक्षरांत केवळ ‘युफोर्बिया, काटक, बहुवर्षायू’ एवढेच होते. जातीचे नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होते आणि लागवडीनंतर पट्ट्या टाकून देण्यात आल्या.

ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण युफोर्बिया या एका प्रजातीत सुमारे २००० जाती मोडतात. पॉइनसेटिया त्यात आहे, शेर त्यात आहे, वाटेच्या फटीत उगवणारी नायटीही त्यातलीच. तोडल्यावर पांढरा चीक येणे आणि फुलाची विशिष्ट रचना एवढेच त्या सर्वांत समान असते; वाढण्याची रीत, थंडी सोसण्याची ताकद आणि छाटणीचा काळ यांत काहीही साम्य असेलच असे नाही. एका प्रजातीच्या नावावरून काळजीचा नियम ठरवणे म्हणजे केवळ आडनाव ऐकून माणसाची प्रकृती सांगण्यासारखे आहे.

दोन्ही जातींतला फरक येथेच स्पष्ट केलेला बरा. पॉलिक्रोमा ही मध्य आणि आग्नेय युरोपातली जात. तिचे जमिनीवरचे सगळे दांडे दर हिवाळ्यात वाळून जातात आणि वसंतात मुळापासून नवे धुमारे येऊन ४०-५० सेंटिमीटर उंचीचा, गंधकासारख्या पिवळ्या रंगाचा घुमट तयार होतो. उणे २० अंश सेल्सिअसच्या थंडीतूनही ती सहज निभावते. कॅरासियास भूमध्य समुद्राभोवतीच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरची आहे. ती सदाहरित असते, मीटरभर किंवा त्याहून उंच होते, निचरा चांगला असल्यास साधारण उणे १० अंशांपर्यंतची थंडी सोसते, आणि तिचा प्रत्येक दांडा दोन वर्षांचा असतो. पहिल्या वर्षी तो बुडख्यातून फुटतो, उंच होतो, निळसर करड्या पानांनी भरतो आणि तसाच हिवाळा काढतो. दुसऱ्या वर्षी वसंतात त्याच्या शेंड्यावर फुलोरा येतो, आणि उन्हाळा सरेपर्यंत तो दांडा मरतो. ठोंब बहुवर्षायू, दांडा मात्र दोन वर्षांचा. सगळे प्रकरण याच एका गोष्टीभोवती फिरते.

दुसऱ्या वर्षाच्या वसंतात वाफा अप्रतिम फुलला. मालकीणबाईंनी वहीत लिहिले आहे की, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मागची रांग आतून दिवा लावल्यासारखी दिसत होती. मी तो बहर प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण या वनस्पतीवर माझेही मनापासून प्रेम असल्यामुळे त्यांना काय दिसले असेल याची कल्पना करता येते. लांबून पाहता पोपटी रंगाचा एकच मोठा दंडगोल दिसतो. जवळ गेल्यावर कळते की त्यात शेकडो लहान पेले आहेत, आणि ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती सहपत्रे, म्हणजे फुलाजवळची रूप बदललेली पाने, आहेत. खरे फूल त्या पेल्याच्या आत असते: मध्ये एकच मादी फूल, त्याभोवती एकेका पुंकेसरापुरती उरलेली नर फुले आणि कडेला चंद्रकोरीसारख्या मधुग्रंथी.

या रचनेचा बागकामाशी थेट संबंध आहे. सहपत्रे पाकळ्यांसारखी गळून पडत नाहीत, आठवडेच्या आठवडे टिकतात आणि हळूहळू फिकट होत जातात. त्यामुळे ‘आज बहर संपला’ असा दिवस कधी येतच नाही, आणि फुललेले दांडे काढण्याचे काम पुढे पुढे ढकलले जाते. या वाफ्यातही तसेच झाले.

प्रश्न कसा उभा राहिला

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात फुलून गेलेले दांडे तसेच उभे राहिले. ते तपकिरी झाले, खालची पाने झडली आणि नव्या, निळसर दांड्यांमध्ये ही वाळकी काटकी मिसळून गेली. पानगळीच्या सुमारास पुढच्या रांगेतली पॉलिक्रोमाही लालसर होऊन सुकू लागली. हिवाळ्यापूर्वी वाफा स्वच्छ करायचा म्हणून माळीकाकांनी पॉलिक्रोमाचे दांडे जमिनीपासून बोटभर ठेवून कापले, जे अगदी योग्य होते, आणि त्याच हाताने मागची रांगही सुमारे १० सेंटिमीटरवर कापली. दोन्ही युफोर्बियाच, मग नियम एकच, असा त्यांचा सरळ हिशेब होता. माहितीअभावी तो चुकीचा ठरला; त्यात निष्काळजीपणा नव्हता.

तिसऱ्या वर्षीच्या वसंतात पुढची रांग भरभरून फुलली आणि मागच्या रांगेत एकही फुलोरा आला नाही. बुडख्यातून हिरवे फुटवे मात्र आले. वरच्या तीन ठोंबांत ते जोमदार होते, खालच्या दोनांत मोजके आणि फिकट.

येथे दुसरी चूक झाली, आणि माझ्या मते तीच अधिक महागात पडली. फुले नाहीत आणि खालची रोपे फिकट आहेत, म्हणजे माती कमी पडते आहे असा निष्कर्ष काढला गेला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बुडख्यांभोवती कंपोस्टचा चार-पाच बोटे जाड थर टेकवून घातला, दर पंधरवड्याला नत्रयुक्त पातळ खत दिले आणि आठवड्यातून दोनदा पाणी सुरू केले. फुटवे झपाट्याने वाढले, पण मऊ आणि लांबट झाले, वाऱ्याने बाजूला कलंडले. पानगळीत ते अस्ताव्यस्त दिसू लागल्यावर मागची रांग पुन्हा एकदा सपाट कापली गेली.

त्यानंतरचा हिवाळा ओला होता. चौथ्या वर्षी वसंताच्या तोंडाशी मालकीणबाईंनी मला बोलावले तेव्हा खालच्या दोन ठोंबांचे बुडखे काळे पडले होते, त्यांवर करड्या बुरशीची लव होती, वरच्या तीनांत फुलोऱ्याचे चिन्ह नव्हते, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘आता कोणते खत देऊ?’

निदान

मी प्रथम कापलेले खुंट पाहिले. वरच्या प्रत्येक ठोंबात दोन वेगवेगळ्या पानगळींत कापलेले खुंट होते. जुने खुंट आतून पोकळ व राखाडी झाले होते. नव्या खुंटांचा गाभा अजून फिका हिरवट होता. एक नवा खुंट नखाने खरवडताच पांढरा चीक वर आला. म्हणजे तो दांडा कापला गेला तेव्हा जिवंत होता आणि त्या वसंतात फुलणारा होता. मी मालकीणबाईंना असे खुंट मोजायला सांगितले. वरच्या तीन ठोंबांत मिळून तेवीस निघाले. तेवीस फुलोरे कात्रीखाली गेले होते. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘म्हणजे झाड उपाशी नव्हतंच.’

दुसरी तपासणी पाण्याची होती. वाफ्याच्या दोन्ही टोकांना हातभर खोल खड्डे काढून ते पाण्याने भरले. वरच्या खड्ड्यातले पाणी तासाभरात मुरले. खालच्यात दुसऱ्या दिवशी सकाळीही चार बोटे पाणी उभे होते. खालचा एक ठोंब उपटला तेव्हा तो जवळजवळ प्रतिकार न करता हातात आला. मुळे तपकिरी होती, आणि चिमटीत धरून ओढताच वरची साल मोज्यासारखी निघून आत एक बारीक दोरा उरत होता. वास कुजक्या पाण्याचा होता.

तेव्हा प्रश्न एक नसून दोन होते, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे कोणालाच नीट दिसले नव्हते. फुले न येण्याचे कारण छाटणी होते. ते पाचही ठोंबांना सारखे लागू होते. मरणाचे कारण निचरा होते. ते फक्त खालच्या दोनांना लागू होते. खत आणि पाणी यांनी पहिला प्रश्न सुटण्याचा संभवच नव्हता, आणि दुसरा मात्र वाढला. नत्राने फुगलेली मऊ ऊती आणि बुडख्याला चिकटलेला ओला थर यांवर करड्या बुरशीला आयतेच घर मिळाले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळी युफोर्बिया काढून टाकण्याचा होता. मालकीणबाईंच्या मुलाचे मत तेच होते, आणि त्यामागे डोळ्यांना दाह करणाऱ्या चिकाविषयीची रास्त भीती होती, कारण बागेत लहान मुले खेळतात. हा पर्याय आम्ही गांभीर्याने विचारात घेतला. तो न स्वीकारण्याचे कारण असे की, मागची रांग वाटेपासून दीड मीटरहून दूर होती आणि मुलांच्या हाताशी येणारी नव्हती. ती वाटेच्या काठावर असती तर माझा सल्ला वेगळा असता.

दुसरा पर्याय वरचे तीन ठोंब उचलून खाली लावण्याचा किंवा सगळ्यांची नव्याने मांडणी करण्याचा होता. कॅरासियासचा मोठा झालेला ठोंब हलवलेला सोसत नाही. पॉलिक्रोमा वसंताच्या सुरुवातीला विभागून लावता येते. कॅरासियासचे तसे नाही. हा पर्याय लगेच बाद झाला.

तिसरा पर्याय खालच्या टोकाला निचऱ्याची नळी घालून जमीनच बदलण्याचा. खर्च आणि खोदकाम पाहता दोन झाडांसाठी तो पटण्यासारखा नव्हता, आणि भिंतीच्या पायाजवळ खणणे मला धोक्याचे वाटले.

चौथा पर्याय जागेनुसार जात बदलण्याचा होता, आणि चर्चा सर्वांत अधिक यावरच झाली. मालकीणबाईंना युफोर्बिया ग्रिफिथी हवी होती. हिमालयातली ही जात नारिंगी तांबड्या सहपत्रांमुळे फार देखणी दिसते आणि तिला ओलसर माती मानवते. पण ती जमिनीखालच्या खोडाने पसरते, आणि दोन वर्षांत पॉलिक्रोमाच्या रांगेत शिरली असती. रॉबिए हा प्रकारही बोलण्यात आला, कारण तो सावलीत आणि कोरड्या मातीतही तग धरतो; पण खालचे टोक कोरडे नव्हते, आणि पसरण्याचा प्रश्न तिथेही होताच. सायपॅरिसियास ही बारीक पानांची जात तर मी लहान बागेत कधीही सुचवत नाही. उत्तर अमेरिकेत ती बागांतून निसटून कुरणांत तण झालेली आहे. अखेर युफोर्बिया पॅलस्ट्रिस या जातीवर एकमत झाले. तिच्या नावातच दलदल आहे. ती मूळची पाणथळ जागांची, ठोंब करून राहणारी, मीटरभर उंच, पिवळ्या फुलोऱ्याची, आणि हिवाळ्यात पूर्ण वाळणारी.

या निवडीत एक अडचण होती, आणि ती मीच पुढे ठेवली. पॅलस्ट्रिस वाळते, म्हणजे तिची छाटणी पॉलिक्रोमाप्रमाणे जमिनीलगत होणार. एकाच वाफ्यात तीन जाती आणि दोन नियम, आणि ते दोन्ही नियम मागच्या एकाच रांगेत. पूर्वीची चूक नेमकी याच गोंधळातून झाली होती. तरीही जमिनीला अनुकूल झाड लावून माणसाने नियम लक्षात ठेवणे हे, नियम सोपा ठेवून झाड मारण्यापेक्षा बरे, असे आम्ही ठरवले.

प्रत्यक्ष कृती

चौथ्या वर्षीच्या वसंतात खालचे दोन ठोंब मुळांसकट काढले आणि त्या जागी पॅलस्ट्रिसची दोन रोपे लावली. वरच्या तीन ठोंबांभोवतीचे कंपोस्ट बुडख्यापासून वीतभर मागे ओढून त्या जागी खडीचा पातळ थर दिला, जेणेकरून बुडख्याशी हवा खेळती राहील. पातळ खत पूर्ण बंद केले. पाणीही बंद केले. रुजलेल्या कॅरासियासला त्या हवेत वेगळ्या पाण्याची गरज नव्हती. त्या वर्षी फुले येणे शक्य नव्हते, आणि हे मालकीणबाईंना आधीच स्पष्ट सांगितले. काही न करता एक पूर्ण वर्ष थांबणे हा या उपायातला सर्वांत कठीण भाग असतो.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला वरच्या ठोंबांच्या बुडख्यातून आलेल्या कोवळ्या फुटव्यांची बारा छाटकलमे घेतली. प्रत्येक कलम साधारण ८ सेंटिमीटर लांबीचे. कापलेले टोक कोमट पाण्यात धरले की चीक वाहायचा थांबतो. तो थांबल्यावरच कलम अर्धी खडी आणि अर्धे हलके मिश्रण भरलेल्या कुंडीत खोचले. काचेखाली कोंडलेल्या हवेत ही कलमे बुरशीने जातात, म्हणून झाकण घातले नाही, केवळ सावलीत ठेवली. सात रुजली.

दांड्यांची ओळख हे माळीकाकांबरोबर बसून केलेले काम होते. मी त्यांना दोन दांडे शेजारी शेजारी धरून दाखवायचे ठरवले होते, पण फुललेला दांडा बागेत उरलाच नव्हता. शेवटी माझ्या बागेतून एक वाळका फुलोरा पिशवीत घालून नेला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, ताज्या दांड्याच्या शेंड्यावरचा पानांचा झुपका चाचपला आणि स्वतःच नियम सांगितला: ‘ज्याच्या डोक्यावर वाळलेला तुरा, तोच काढायचा. ज्याच्या डोक्यावर पानं, त्याला हात लावायचा नाही.’ यापेक्षा नेमके मला सांगता आले नसते. जस्ताच्या पट्ट्यांवर खिळ्याने जातीचे पूर्ण नाव आणि त्याखाली ‘तुरा पाहून काढा’ किंवा ‘हिवाळ्यात जमिनीलगत’ असे कोरून त्या प्रत्येक ठोंबाशी रोवल्या.

मध्येच घडलेला अपघात

कलमे घेण्याच्या दिवशी एक प्रसंग घडला, आणि त्याची जबाबदारी मोठ्या अंशी माझी आहे. हातमोजे आणि लांब बाह्या सर्वांनी घातल्या होत्या. डोळ्यांवर चष्मा कोणीच घातला नव्हता, कारण काम थोडे होते. दुपारी माळीकाकांनी हातमोज्याच्या पाठीने भुवईवरचा घाम पुसला. त्या क्षणी फारसे जाणवले नाही, म्हणून त्यांनी काही सांगितले नाही. दोनेक तासांनी डोळा चुरचुरू लागला; संध्याकाळपर्यंत तो लाल झाला, उजेड सहन होईना आणि दृष्टी धूसर झाली. तेव्हा कुठे साध्या वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुतला आणि त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे नेले. सोबत झाडाचे नाव लिहून दिले होते, त्याचा उपयोग झाला. बुबुळाच्या पृष्ठभागाला दाह झाला होता. उपचारानंतर आठवड्याभरात दृष्टी पूर्ववत झाली.

युफोर्बियाच्या चिकात डायटर्पिन वर्गातली दाहक संयुगे असतात. त्यांचा परिणाम लगेच दिसत नाही, काही तासांनी उमटतो, आणि म्हणूनच माणूस गाफील राहतो. या संयुगांची ताकद किती असावी याचा अंदाज एका गोष्टीवरून येईल: पेप्लस या तणासारख्या लहान युफोर्बियातून मिळणाऱ्या इंजेनॉल मेब्युटेट या द्रव्यापासून त्वचेवरच्या कर्करोगपूर्व चट्ट्यांसाठी मलम तयार करण्यात आले, त्याला २०१२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि सुरक्षिततेच्या शंकांमुळे २०२० मध्ये युरोपात त्याचा वापर थांबवण्यात आला. अशा द्रव्यांच्या कुळातली वस्तू हातमोज्यावर घेऊन आम्ही उघड्या डोळ्यांनी काम करत होतो. त्यानंतर त्या बागेत नियम असा झाला की, चष्म्याशिवाय युफोर्बियाला कात्री लावायची नाही, पाण्याची भरलेली बाटली हाताशी ठेवायची, आणि चीक डोळ्याजवळ गेल्याची नुसती शंका आली तरी चुरचुरण्याची वाट न पाहता धुवायचे.

परिणाम

चौथ्या वर्षीच्या पानगळीत मागच्या रांगेला कात्री लागली नाही. हिवाळ्याच्या मध्यावर मालकीणबाईंचा निरोप आला की, दांडे आजारी दिसतात, शेंडे खाली झुकले आहेत. मी जाऊन पाहिले. कडाक्याच्या थंडीत पाने लोंबतात आणि ऊन चढल्यावर सावरतात, ते वेगळे. येथे फक्त शेंड्याचा भाग आकड्यासारखा वळला होता, बाकी दांडा ताठ होता. कॅरासियासमध्ये फुलोरा आत तयार होत असल्याची ती खूण आहे. वसंत जवळ आला की आकडा सरळ होतो आणि पोपटी रंग बाहेर येतो. त्या दिवशी पहिल्या ठोंबात नऊ, दुसऱ्यात सहा आणि तिसऱ्यात दोन आकडे मोजले.

पाचव्या वर्षीच्या वसंतात ते सतराही फुलले. बहर ओसरू लागल्यावर, उन्हाळ्याच्या सुरुवातीसच, माळीकाकांनी चष्मा लावून तुऱ्याचे दांडे एकेक करून तळापासून काढले. पूर्वीची तपकिरी गिचमीड त्या वर्षी दिसलीच नाही, आणि पानगळीत वाफा साफ करण्याचा मोहही झाला नाही. पॅलस्ट्रिस खालच्या ओलीत चांगली रमली. रुजलेल्या सात कलमांपैकी तीन वरच्या टोकाला लावली.

सगळेच चांगले झाले असे मात्र नाही. सहाव्या वर्षी तिसरा ठोंब, जो कधीच पूर्ण सावरला नव्हता, उन्हाळ्यात सुकून गेला. कॅरासियास मुळातच अल्पायुषी आहे, थोड्या वर्षांनी थकते. तरीही दोनदा सपाट कापल्याने त्याची उरलीसुरली शक्ती गेली असावी असे मला वाटते. कलमे घेऊन ठेवली नसती तर रांगेत पोकळी पडली असती.

निर्णयाचे क्षण आणि वेगळे काय करता आले असते

मागे वळून पाहता पहिला निर्णायक क्षण पानगळीतल्या छाटणीचा नसून त्याआधीच्या उन्हाळ्याचा होता. फुललेले दांडे बहरानंतर लगेच काढले गेले असते, तर पानगळीत ठोंब नीटनेटका, निळसर आणि सदाहरित दिसला असता आणि तो कापावा असे कोणालाच वाटले नसते. वाळक्या काटक्यांनी माळीकाकांची दिशाभूल केली.

दुसरा क्षण तिसऱ्या वसंतातला. पाच ठोंबांपैकी तीन जोमदार आणि दोन फिकट होते, हाच पुरावा होता की जागेत काही फरक आहे. पाचही झाडांना एकच उपाय करण्याऐवजी खालचा एक खड्डा काढून पाहिला असता, तर तासाभराच्या कामात निचऱ्याचा दोष उघड झाला असता आणि कदाचित ती दोन झाडे वेळेत उंचवट्यावर हलवता आली असती. लहान वयात ती हलवणे सोसतात.

तिसरी गोष्ट माझ्या सल्ल्याविषयी आहे. चिकाबद्दल मी सर्वांना सांगितले होते, पण तो उशिरा त्रास देतो हे ठासून सांगितले नव्हते. माळीकाकांना ते माहीत असते तर त्यांनी त्याच क्षणी डोळा धुतला असता. चष्मा न घालण्याला ‘थोडेच काम’ हे कारण मी स्वतः मान्य केले, ते करायला नको होते.

कुंडीवरच्या पट्ट्यांविषयी मात्र मी मालकीणबाईंशी पूर्ण सहमत नाही. त्या अजूनही म्हणतात की, पट्टी जपली असती तर काहीच घडले नसते. पट्टीवर जातीचे नाव असते, दांड्याचे वय नसते. ते झाडाकडे पाहूनच कळते, आणि ते पाहायला शिकण्यास माळीकाकांना पाच मिनिटे लागली.

एक प्रश्न अजून मोकळा आहे. पाचव्या उन्हाळ्यात शेवटचे तीन तुरे बियांसाठी मुद्दाम ठेवले होते. कॅरासियासचे तीन कप्प्यांचे फळ वाळले की तापलेल्या दुपारी तडकते आणि बी दूर फेकते. मालकीणबाईंनी तो टिचकीसारखा आवाज वाटेवर उभे राहून ऐकला. बीच्या टोकावरच्या मांसल गाठीसाठी मुंग्या ते आणखी पुढे ओढून नेतात. सहाव्या वर्षी अकरा रोपे आपोआप उगवली, आणि ती सर्वच्या सर्व वरच्या टोकाच्या खडीत होती. आम्ही कंपोस्ट घालून तयार केलेल्या मातीत एकही नव्हते. बियांची रोपे आईसारखीच निघतील याची खात्री नसते, म्हणून दोन फुलोरे पाहिल्यावरच कोणती ठेवायची ते ठरेल. तोवर पायवाट थोडी वळवून घेतली आहे.